आडवी गाडी, सरळ हिशेब

मे महिन्यात दुपारी बारा ते पाच या वेळात अकोल्यात काय करता येतं? काहीच करता येत नाही! बाहेर पारा ४५ अंशांच्या घरात, रस्ते ओस, आणि घरातली माणसं आळीपाळीने कूलरमध्ये पाणी ओततायत. अशा दुपारी मी अमरावतीहून बहिणीकडे चार दिवस राहायला गेले होते. घरात पाऊल टाकते न टाकते तोच आतल्या खोलीतून टायर किंचाळल्याचा आवाज आला. मग धडाम! मग पुन्हा तेच.

"ऐकलं?" ताई म्हणाली. "दहावीचं वर्ष हाय, अन् हा सकाळपासून गाड्याच घसरवून राह्यला. तू मास्तरीण हायेस, तूच सांग त्याले."

मी सांगायलाच आत गेले होते, खरं म्हणजे. पण भाच्याचा चेहरा इतका रडवेला होता, की मी आधी विचारलं, "काय झालं रे?"

"मावशी, गाडी आडवी तं होते, पण मंग गरगर फिरूनच जाते. काहून?"

आता शिक्षकाला कुणी "काहून?" विचारलं, की तो अडकलाच म्हणून समजा. मी खुर्ची ओढली आणि बसले.

तो जे करू पाहत होता त्याला म्हणतात ड्रिफ्ट. तुमच्यापैकी पुष्कळांना ते माहीत असेलच, पण आई-बाबांसाठी सांगते. वळणावर गाडीचं मागचं अंग मुद्दाम बाहेर घसरू द्यायचं आणि गाडी तशीच तिरपी ठेवून पूर्ण वळण काढायचं. गंमत म्हणजे वळण डावीकडे असतं, तेव्हा ड्रायव्हरचं स्टिअरिंग उजवीकडे असतं. कमी घसरली तर टायर मधेच रस्ता पकडतात आणि गाडी झटक्यात सरळ होऊन भिंतीकडे जाते. जास्त घसरली तर भोवरा होतो. आमच्या भाच्याचा भोवरा होत होता.

अशा गेममध्ये गाडीचं सगळं पोट उघडून ठेवलेलं असतं. ग्रॅन टुरिस्मो घ्या, फोर्झा घ्या नाहीतर असेटो कॉर्सा घ्या. चाकातली हवा, स्प्रिंगचा कडकपणा, चाकांचा तिरपेपणा, इंजिनाची ताकद असं वीस-पंचवीस ठिकाणी कमी-जास्त करता येतं. याला म्हणतात ट्यूनिंग. तबला लावतात, सतार लावतात, तशी गाडी लावायची! भाच्याने सगळं काही शेवटच्या टोकापर्यंत ओढून ठेवलं होतं. सगळं जास्त म्हणजे सगळं चांगलं, असा त्याचा सरळ हिशेब होता.

मी त्याला म्हटलं, आधी आपण चाक समजून घेऊ.

चार चाकी गाडीचं वजन हजार किलोच्या आसपास असतं. पण तिचं एक चाक रस्त्याला किती जागेत टेकतं, ठाऊक आहे? साधारण तुमच्या तळहाताएवढ्या. म्हणजे सगळी गाडी चार तळहातांवर उभी! या तळहातांची जी पकड असते, त्यालाच विज्ञानाच्या पुस्तकात घर्षण म्हणतात. आता असं समजा, की प्रत्येक चाकाच्या खिशात पकडीचे दहा रुपये आहेत. गाडी पुढे ढकलायला त्यातलेच पैसे लागतात, ब्रेक लावायला त्यातलेच, आणि वळणावर गाडीला बाहेर जाऊ न द्यायलाही त्यातलेच. सरळ रस्त्यावर चैन असते. वळणावर मात्र ओढाताण सुरू होते. त्यात वेग दुप्पट केला, म्हणजे ताशी ४० चा ८० केला, तर त्याच वळणावर बाजूची पकड दुप्पट नव्हे, चौपट लागते.

वळणावर जोरात अॅक्सिलरेटर दाबला तर काय होतं? मागची चाकं सगळे दहा रुपये पुढे ढकलण्यातच उडवतात. बाजूला धरून ठेवायला खिशात दमडी उरत नाही. मागचं अंग सुटतं! आणि घसरणाऱ्या चाकाची पकड ही न घसरणाऱ्या चाकापेक्षा कमी असते, त्यामुळे एकदा सुटलं की ते आपसूक थांबत नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही, बरं का. दोन वर्षांपूर्वी जुलैत मी शाळेतून स्कूटीवर परत येत होते. पेरण्या चालू होत्या. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांनी चाकांना लागलेली काळी माती डांबरी रस्त्यावर आणून सांडली होती, आणि वरून पावसाचा एक शिरवा येऊन गेला होता. आपली वऱ्हाडातली काळी माती ओली झाली की कशी होते ते तुम्हाला सांगायला नको. पुलाजवळच्या वळणावर माझा वेग तीससुद्धा नव्हता. मागचं चाक बाजूला गेलं आणि मी काही विचार करायच्या आत रस्त्यावर होते. दहा रुपयांचे दोन झाले होते, आणि मला ते माहीत नव्हतं. माझ्या उजव्या कोपरात तेव्हाचा एक स्क्रू अजून आहे.

असो. भाच्याला मी एक कोरी वही आणायला सांगितली. तिच्यात चार रकाने आखले : काय बदललं, किती बदललं, काय झालं, आणि दहा वेळांपैकी किती वेळा गाडी फिरली. नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्याला हे मुळीच आवडलं नाही. "मावशी, हे तं प्रॅक्टिकलच झालं!" म्हणाला.

पहिली पाळी इंजिनाची. पठ्ठ्याने ९०० अश्वशक्तीचं इंजिन बसवलं होतं! "सगळ्यात मोठं तेच व्हतं ना," म्हणे. दहा रुपये खिशात असणाऱ्याला नव्वदचा खर्च सांगितल्यासारखं झालं ते. पायाने जरा दाबलं की खिसा रिकामा. आम्ही ते ३५० वर आणलं. आधी दहापैकी नऊ वेळा गाडी फिरायची, आता सहा वेळा फिरली. ताकद कमी करून गाडी सुधारली, याचं त्याला इतकं आश्चर्य वाटलं, की त्याने ते वहीत लाल पेनने लिहिलं.

दुसरी पाळी डिफरन्शियलची. इथे जरा थांबू या, कारण हा भाग माझा आवडता आहे.

बैलगाडी वळताना पाहिली आहे ना? बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा पडतो, आतल्याला जवळचा. म्हणून बाहेरचं चाक जास्त फिरतं. बैलगाडीला याची अडचण नाही. तिची दोन्ही चाकं आसावर आपापली मोकळी फिरतात, आणि ओढायचं काम बैल करतात. मोटारीत मात्र इंजिन चाकांनाच फिरवतं. तेव्हा दोन्ही चाकांना ताकद तर द्यायची, आणि वेगवेगळं फिरूही द्यायचं, यासाठी मधे दात्यांची एक पेटी असते. ती म्हणजे डिफरन्शियल. फार हुशार वस्तू आहे ती, पण तिच्यात एक खोड आहे. एक चाक चिखलात फसलं, की तेच नुसतं गरगर फिरत बसतं आणि कोरड्यावरचं दुसरं चाक जागचं हलत नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांना यावरचा उपाय ठाऊक असेल. ट्रॅक्टरला एक जास्तीचं पेडल असतं, डिफरन्शियल लॉकचं. ते दाबलं की पेटीला कुलूप लागतं, दोन्ही चाकं सारखीच फिरतात आणि ट्रॅक्टर चिखलातून निघतो. पण कुलूप लावून वळायचं नाही, असं जुने ड्रायव्हर बजावून सांगतात. कारण मग चाकं नीट वळत नाहीत, घासटत, सरकत जातात.

ड्रिफ्टला नेमकं हेच हवं असतं! ट्रॅक्टरवाल्याला जे नको, ते इथे मुद्दाम करायचं. कुलूप नसेल तर वळणावर आतलं हलकं झालेलं चाक एकटंच फिरून धूर काढतं आणि बाहेरचं रस्ता धरून बसतं, त्यामुळे गाडी कधी सुटेल याचा नेम राहत नाही. कुलूप असलं की दोन्ही मागची चाकं एकदम सुटतात, आणि तितक्याच शिस्तीत घसरत राहतात. आम्ही आकडा शंभर टक्क्यांवर नेला. दहापैकी चार.

तिसऱ्या पाळीला माझी फजिती झाली. मी म्हटलं, मागच्या चाकातली हवा कमी कर, मऊ चाक जास्त घसरेल. त्याने केली. गाडी घसरायचीच बंद झाली! मी डोक्याला हात लावला. सायकलीतली हवा कमी झाली की चाक पसरतं आणि सायकल जड जाते, हे मी स्वतः मुलांना शिकवते. चाक पसरलं म्हणजे टेकायची जागा वाढली, पकड वाढली. हवा जास्त भरली की चाक टणक होतं आणि कमी जागेत टेकतं. म्हणजे आम्हाला हवा वाढवायला हवी होती. बहुतेक गेममध्ये हाच हिशेब चालतो. (खऱ्या स्पर्धांतल्या हजार अश्वशक्तीच्या गाड्यांचं उलट असतं. त्यांना घसरायची चिंता नसते, पुढे जायला पकड मिळावी म्हणून ते मागची हवा कमी ठेवतात.) भाच्याने वहीत लिहिलं : "मावशी चुकली." ते पान अजून तसंच आहे.

मग त्याला घाई झाली, आणि मी स्वयंपाकघरात गेलेली पाहून त्याने तीन गोष्टी एकदम बदलल्या. गाडी पुन्हा दहापैकी आठ वेळा फिरली. कशामुळे बिघडलं? कोण सांगणार! तिन्ही परत फिरवाव्या लागल्या आणि अर्धी संध्याकाळ गेली.

पुढच्या चाकांचं मात्र थोडं सांगायलाच हवं. सायकलचा पुढचा चिमटा पाहा. तो सरळ उभा नसतो, तिरपा असतो. त्यामुळेही हँडल सोडलं तरी चालती सायकल आपणहून सरळ राहू पाहते. मोटारीच्या पुढच्या चाकांनाही असा कल असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. ड्रिफ्टसाठी तो वाढवतात. गाडीचं मागचं अंग सुटलं की पुढची चाकं आपोआप गाडी जिकडे जाते आहे तिकडे वळतात. ड्रायव्हर स्टिअरिंग हातातून क्षणभर मोकळं सोडतो आणि ते स्वतःच गर्रकन फिरतं. त्याच चाकांचा वरचा भाग जरा आतल्या बाजूला झुकवतात, तो कॅम्बर. वळणावर गाडी बाहेर कलली की झुकलेलं चाक बरोबर सपाट टेकतं. आणि नेहमीच्या गाडीची चाकं साधारण ३५ ते ४० अंश वळतात, ती ड्रिफ्टच्या गाडीत ६० अंशांच्या आसपास वळतील अशी करतात. नाहीतर इतक्या तिरप्या गाडीला सावरायला स्टिअरिंग पुरतच नाही. स्प्रिंगा, ब्रेक, गिअर यांचंही आम्ही थोडं थोडं पाहिलं, पण त्याने फार फरक पडला नाही.

हे सगळं आलं कुठून? जपानमधून. कुनिमित्सु ताकाहाशी नावाचे एक शर्यतपटू होते. १९६१ साली मोटारसायकलची ग्रां प्री शर्यत जिंकणारे ते पहिले जपानी. पुढे ते मोटारींकडे वळले, आणि १९७० च्या दशकात वळणांवर गाडी घसरवत नेण्याच्या त्यांच्या तऱ्हेने लोक वेडे झाले. त्यांचं पाहून केइची त्सुचिया यांनी ती कला डोंगरी रस्त्यांवर घोटली. त्यांना तर लोक 'ड्रिफ्टचा राजा'च म्हणतात. २००१ पासून जपानात ड्रिफ्टच्या रीतसर स्पर्धांची मालिका सुरू झाली. तिथे पहिला कोण आला याला गुण नाहीत! गाडी किती तिरपी, किती वेगात आणि आखलेल्या वाटेवर किती नेमकी, याला गुण असतात. गेममध्ये हे त्याच्याही आधी आलं होतं. १९९३ चा रिज रेसर घ्या, किंवा गाडी लावायची सोय दिलेला १९९७ चा ग्रॅन टुरिस्मो घ्या. आपल्याकडे ते पोचलं सायबर कॅफेतून. २००३ च्या नीड फॉर स्पीड अंडरग्राउंडमध्ये ड्रिफ्टची वेगळी स्पर्धाच होती. त्यापायी आमच्या चुलतभावांनी किती रुपये घालवले ते त्यांच्या आई-बाबांना अजून कळलेलं नाही.

१९९५ पासून जपानात 'इनिशियल डी' नावाची चित्रकथा निघू लागली. तिच्यातला शाळकरी मुलगा वडिलांच्या दुकानातला टोफू पहाटे डोंगरावरच्या हॉटेलात पोचवतो. (टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. आपल्या शेतात जे पिकतं तेच सोयाबीन!) टोफू मोडू नये म्हणून वडील गाडीत पाण्याने भरलेला पेला ठेवतात : एक थेंब सांडता कामा नये. गाडीही साधीच, सुमारे १३० अश्वशक्तीची टोयोटा. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो स्वतःच्या ९०० आकड्याकडे बघून हसला.

आता चौथ्या दिवसाची गोष्ट.

या गेममध्ये एक बटण असतं. गाडी आपटली की ते दाबायचं, आणि काळ काही सेकंद मागे जातो. तिसऱ्या दिवशी मी वहीत पाचवा रकाना आखायला लावला होता : हे बटण किती वेळा दाबलं. सहज म्हणून, दुसरं काही मनात नव्हतं. त्या संध्याकाळी त्याला एक वळण अगदी सुरेख जमलं. पेला सांडला नसता असं! रकान्यात रेघोट्या होत्या ६३.

चौथ्या दिवशी सकाळी ताई भाजी आणायला गेली तेव्हा तो हळूच माझ्याजवळ आला. "मावशी, एक सांगू? आईले सांगू नको." मित्राच्या बाबांची गाडी, गावाबाहेरचं रिकामं ले-आउट, पहिला पाऊस पडला की एकदाच. फक्त एकदा. आता तर सगळं समजलंच आहे ना!

खरं सांगते, माझ्या पोटात गोळा आला. त्याला समजावून देणारी मीच होते.

रागावले नाही. मी विचारलं, "ती गाडी कोणत्या चाकांनी ओढते?" त्याला माहीत नव्हतं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढतात. अॅक्सिलरेटर दाबून त्यांचं मागचं अंग सुटतच नाही. वळणावर जास्त दाबलं तर पुढचीच चाकं सुटतात आणि गाडी स्टिअरिंग न ऐकता नाकासमोर जाते. "हॅण्डब्रेकनं होते ना पण," तो म्हणाला. होतं. मागची चाकं आवळली जातात आणि गाडी फिरते. पण मग तिला तिरपी धरून ठेवायला मागे ताकद नसते. ती जिकडे जाईल तिकडे जाते. आणि ले-आउट रिकामं म्हणजे काय असतं? प्लॉटच्या हद्दीचे अर्धे पुरलेले दगड, कुणाच्या बांधकामाची गिट्टी, आणि संध्याकाळी क्रिकेट खेळणारी पोरं.

तरी तो मान हलवत होता. मग मी वही उघडून ६३ रेघोट्यांचं पान त्याच्यासमोर ठेवलं आणि बाही वर करून कोपर दाखवला. तो बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिला. नंतर मोबाईल घेऊन गच्चीवर गेला. मित्राशी काय बोलला ते मी विचारलं नाही. ताईला मात्र मी सगळं सांगितलं, आणि सांगणार आहे हे त्यालाही आधी सांगितलं. तो दोन तास माझ्याशी बोलला नाही.

पालकांसाठी एक गोष्ट इथेच नोंदवते. १८ वर्षांखालच्या मुलाच्या हातात मोटार दिली आणि गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या मोटार वाहन कायद्यात पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. गाडीची नोंदणीही बारा महिन्यांसाठी रद्द होते. किल्ली कुठे टांगलेली असते ते एकदा पाहून ठेवा.

गेम खेळून खरे ड्रायव्हर झालेले नाहीत का? झालेत ना! ग्रॅन टुरिस्मो खेळणाऱ्यांतून शर्यतपटू निवडायची एक स्पर्धा २००८ पासून काही वर्षं चालली. २०११ साली ती यान मार्डनबरो या १९ वर्षांच्या ब्रिटिश मुलाने जिंकली आणि तो खरोखर शर्यती धावला. २०१४ मध्ये त्या स्पर्धेत भारतातलेही खेळाडू होते. पण निवड झाल्यावर त्यांना बंद ट्रॅकवर, हेल्मेट घालून, शिकवणाऱ्यांच्या देखरेखीखाली तयार केलं गेलं. मित्राच्या बाबांची गाडी नव्हती ती.

रविवारी मी एस.टी.ने अमरावतीला परत निघाले. हा आपला अकोला–अमरावती रस्ता साधासुधा नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. २०२२ च्या जून महिन्यात लोणी ते माना या भागात रात्रंदिवस काम करून सलग ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला, आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतार देशाच्या नावावर होता. खिडकीतून मी त्या डांबराकडेच बघत होते. मूर्तिजापूरच्या पुढे एका ठिकाणी रस्त्यावर टायरचे दोन लांब काळे पट्टे दिसले, दुभाजकापर्यंत गेलेले. कुणाचे, कधीचे, काय माहीत.

बडनेरा यायच्या आत भाच्याचा फोन आला. अबोला संपला होता! म्हणाला, "मावशी, बटण फक्त अकरा वेळा दाबलं आज. आता पाऊस लावून पाह्यतो."

म्हणजे दहा रुपयांचे झाले सहा, असं धरा. आता आधी काय बदलावं? तो म्हणतो इंजिन आणखी कमी करायचं, मी म्हणते मागच्या चाकांची वाढवलेली हवा पुन्हा उतरवायची. आमचं अजून ठरलेलं नाही. तुमच्याकडे असा गेम असेल तर करून पाहा आणि काय निघालं ते पत्राने कळवा. एका वेळी एकच गोष्ट बदला हं, आणि पाचवा रकाना विसरू नका.